मुखपृष्ठ, बोधचिन्ह, दृश्य ओळख: आवडलं, पण का आवडलं?

पानोपानी
पुस्तकांवर इथे रोज धागे निघतात, मुखपृष्ठांवर क्वचितच. परीक्षणाच्या शेवटी 'मुखपृष्ठ समर्पक आहे' एवढं म्हटलं की झालं. चित्रकाराचं नाव बहुतेकदा तिथेही नसतं. बोधचिन्हांची तऱ्हा याहून वाईट. नवीन आलं की आठवडाभर नावं ठेवायची आणि पुढे वर्षानुवर्षं त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही.

म्हणून हा धागा. मनापासून आवडलेलं एखादं मुखपृष्ठ, लोगो किंवा एखाद्या संस्थेची सगळी दृश्य ओळख सांगा, आणि ती का चांगली आहे तेही सांगा. 'रंगसंगती छान' चालणार नाही. करणाऱ्यापुढे अडचण काय होती, त्याने काय ठेवलं आणि काय गाळलं, ते लिहा.

माझं सांगते. काफ्काच्या 'मेटामॉर्फॉसिस'ची, म्हणजे माणूस कीटक होऊन जागा होतो त्या गोष्टीची, १९१५ची आवृत्ती. ओटोमार स्टार्के हा चित्रकार मुखपृष्ठ करणार हे कळल्यावर काफ्का धास्तावला. हा आता कीटक काढणार! त्याने प्रकाशकाला पत्र लिहून कळवलं की कीटक अजिबात काढायचा नाही, लांबूनसुद्धा दाखवायचा नाही. स्टार्केने काढलं ते असं: घरगुती झग्यातला एक माणूस दोन्ही हातांनी तोंड झाकून पुढे येतोय आणि मागे एक दार अर्धवट उघडं आहे. दारापलीकडे नुसता काळोख. संपूर्ण गोष्ट त्या काळोखात आहे. पुढे त्याच पुस्तकाची झुरळं-किडे काढलेली कितीतरी मुखपृष्ठं आली, पण या दाराची सर एकालाही नाही.

माझं मत: काय दाखवायचं नाही हे ज्याला कळलं, त्याला मुखपृष्ठ कळलं.

अनवट
मस्त विषय. पण तुमच्या मताला पहिला छेद मीच देतो. फिट्झजेराल्डच्या 'ग्रेट गॅट्सबी' कादंबरीचं १९२५चं मुखपृष्ठ घ्या. फ्रान्सिस कुगाटने सगळं दाखवलंय: गडद निळं आकाश, त्यात तरंगणारे बाईचे डोळे आणि ओठ, खाली दिव्यांनी पेटलेलं शहर. हे चित्र पुस्तक पूर्ण व्हायच्या आधीच तयार होतं. फिट्झजेराल्डने संपादकाला कळवलं होतं की ते मुखपृष्ठ दुसऱ्या कुणाला देऊ नका, मी ते पुस्तकात लिहून टाकलंय. चित्रच लेखकाच्या मजकुरात शिरलं. झाकलं की चांगलं, असा नियम करता येणार नाही.

पानोपानी
@अनवट, पण त्यातही चेहरा नाहीच की! डोळे आणि ओठ आहेत, मधलं नाक गायब. गाळलंय.

गडबडगुंडा
नाक मुठीत धरून बसलाय कुगाट.

सरळरेघ
लोगोवाल्यांची बाजू मांडतो. फेडेक्स ही कुरिअर कंपनी. १९९४, लँडोर कंपनीतल्या लिंडन लीडरचं काम. ई आणि एक्स या दोन अक्षरांच्या मधल्या पांढऱ्या जागेत बाण आहे. सगळे सांगतात तेवढंच, मेहनत कुठे आहे ते कुणी सांगत नाही. तयार फॉन्टमध्ये ती दोन अक्षरं शेजारी ठेवली की असा बाण आपोआप पडत नाही. त्याने युनिव्हर्स आणि फ्युच्युरा या दोन टायपांचे गुण एकत्र करून अक्षरं नव्याने बांधली, छोट्या एक्सची उंची वाढवली, तेव्हा कुठे ई-च्या मधल्या दांडीची कड आणि एक्सचा खांदा जुळून आला. कंपनीच्या प्रसिद्धीवाल्यांना बाण उठून दिसायला हवा होता, वेगळा रंग भरून. लीडर नाही म्हणाला. त्या नकारासाठी मला हा माणूस आवडतो.

अर्धविराम
मला हा बाण कधीच भावला नाही. कुणी दाखवल्याशिवाय तो दिसत नाही. ज्याला दिसत नाही त्याला त्याचा उपयोग काय? आणि दिसला की मग दुसरं काही दिसत नाही. कोडं म्हणून उत्तम. चिन्ह म्हणून त्याचं एवढं कौतुक का होतं?

सरळरेघ
@अर्धविराम, बाण काढून टाका, तरी ती अक्षरं तितकीच घट्ट, तितकीच वाचनीय राहतात. दुरून धावत्या गाडीवर जांभळा-नारिंगी शब्द ओळखू येतो. मुख्य काम तेवढंच आहे. बाण हे वरचं देणं. तो दिसला नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही, आणि म्हणूनच तो चांगला आहे.

अर्धविराम
हे पटलं. पण मग कौतुक अक्षरांचं करा, बाणाचं नको.

मशीनवाला
छपाईत हयात गेली, म्हणून आमच्या बाजूने दोन शब्द. लोगो चांगला की वाईट हे संगणकाच्या पडद्यावर कळत नाही. तो एका रंगात छापून बघा. मग नखाएवढा करून बघा. मग काळ्यावर पांढरा उलटा करून बघा. या तिन्हींत टिकला तर पुढची चर्चा.

वन्यजीव वाचवणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफ संस्थेचा पांडा १९६१चा. पीटर स्कॉट आणि मंडळींनी पांडा निवडला त्यामागे एक अगदी व्यवहारी कारण होतं: प्राणीच काळा-पांढरा, त्यामुळे एका शाईत छापला तरी काही हरवत नाही. छपाईचा खर्च वाचतो. पुढे १९८६ साली त्याची पुनर्रचना झाली, तेव्हा तर बाह्यरेषाच काढून टाकली. डोकं आणि पाठ कागदाच्या पांढऱ्यातच विरून जातात, रेषा आपले डोळे पुरी करतात. तो पांडा नीट बघा. पाठीला कडच नाही, तरी पाठ दिसते.

याउलट एकदा एका संस्थेचं काम आलं होतं. सहा छटांचा उतरता रंग, मागे सावली, त्यात सोनेरी चकाकी. पडद्यावर झकास. त्यांना तोच रबरी शिक्क्यावर हवा होता. शिक्का उठवला की कागदावर नुसता डाग. ते म्हणाले, शाई बदला. शाई बदलून झाली, कागद बदलून झाला. शेवटी लोगो बदलला.

चौकट
मशीनवाला काकांना दंडवत. ही तीन परीक्षांची गोष्ट प्रत्येक डिझाइन शिकणाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवावी.

माझी पसंती सत्यजित राय. चित्रपटांआधी ते जाहिरातसंस्थेत होते आणि सिग्नेट प्रेससाठी मुखपृष्ठं करत. जिम कॉर्बेटच्या कुमाऊंच्या नरभक्षकांवरच्या पुस्तकाची बंगाली आवृत्ती आली, तिचं मुखपृष्ठ त्यांनी वाघाच्या कातड्यासारखं केलं. पुढच्या बाजूला गोळी शिरल्याचं भोक. पुस्तक उलटं केलं की मलपृष्ठावर तीच गोळी बाहेर पडल्याचं भोक, आणि ते पुढच्यापेक्षा मोठं! कारण गोळी बाहेर पडताना जखम मोठी होते. म्हणजे पुस्तकाची जाडी हीच वाघाची जाडी. मलपृष्ठ हा बहुतेकांसाठी मजकूर टाकायचा कोपरा असतो. या माणसाने पुढचं, मागचं आणि मधली सगळी पानं यांचा एकत्र विचार केला.

ऋतुगंध
@चौकट, अंगावर काटा आला. आता मी घरातली सगळी पुस्तकं उलटी करून बघणार.

गडबडगुंडा
@ऋतुगंध, आमच्याकडे उलटी करून फक्त किंमत बघतात.

टंकसाळ
उशिरा आलो, पण लांबलचक लिहिणार आहे.

इथली आतापर्यंतची उदाहरणं पाहता (राय सोडून) सगळी रोमन लिपीची आहेत. देवनागरीत मुखपृष्ठ करणं हा निराळाच खेळ आहे. रोमन कॅपिटल अक्षरं सरळ चौकटीत बसतात: वर एक रेघ, खाली एक रेघ, काम झालं. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकतात आणि वर-खाली पसरतात. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. शीर्षक दोन ओळींचं असलं की वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकींच्या उरावर बसतात. तयार फॉन्ट घेणारा माणूस काय करतो? ओळींमधलं अंतर वाढवतो. मग शीर्षक फाटतं, दोन वेगळे शब्द असल्यासारखं वाटतं. अक्षर हाताने काढणारा माणूस उकार जरा डावीकडे सरकवतो, वेलांटीचा बाक थोडा उतरवतो आणि दोघांना एकमेकींच्या पोटात बसवतो. जागा वाचते आणि त्या दोन ओळींचा एकच ठसा तयार होतो.

दुसरी खोड म्हणजे अक्षरांमधलं अंतर ताणणं. रोमनमध्ये ते शोभतं. देवनागरीत ताणलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात, आणि डोळा प्रत्येक फटीत अडखळतो. शिरोरेषा तोडायला हरकत नाही, पण ती ठरवून तोडलेली हवी.

जुनी मराठी मुखपृष्ठं काढून बघा. दीनानाथ दलाल, पद्मा सहस्रबुद्धे, बाळ ठाकूर. चित्रासोबत शीर्षकाची अक्षरंही हाताची, दोघांचा ब्रश एक. म्हणून शीर्षक चित्रावर चिकटवल्यासारखं वाटत नाही. दलालांचे रंग सगळ्यांना आठवतात, पण कधी रंग विसरून फक्त त्यांच्या पुस्तकांवरची अक्षरं बघा. एकाच माणसाची, आणि तरी विषयागणिक बदलणारी.

निळीशाई
+१, प्रत्येक शब्दाला. वाचनखूण साठवली.

यात एक भर. आता फॉन्टही चांगले येत आहेत हो. एक टाइप या संस्थेचे 'मुक्त', 'बलू' हे तर मोफत मिळतात आणि नीट बांधलेले आहेत. तरी मुखपृष्ठावर अजूनही 'मंगल' दिसतो तेव्हा जीव तुटतो. मंगल वाईट नाही, र. कृ. जोशींसारख्या जाणकाराने केलाय. पण तो केला पडद्यावर लहान आकारात वाचता यावा म्हणून. तोच फुगवून कादंबरीच्या नावासाठी वापरला की पुस्तक कचेरीच्या परिपत्रकासारखं दिसतं. यात दोष जोशींचा नाही.

अनवट
@टंकसाळ, एक शंका. हाताने काढलेलं अक्षर नेहमीच चांगलं असतं का? मी अशीही जुनी मुखपृष्ठं पाहिली आहेत जिथे रहस्यकथा म्हणून अक्षरांतून रक्त गळतंय, भयकथा म्हणून अक्षरं थरथरतायत, हिमालयावर पुस्तक म्हणून शिरोरेषेवर बर्फ.

टंकसाळ
@अनवट, नाही, नेहमी नाही. रक्त गळणारी अक्षरं हा तर स्वतंत्र धाग्याचा विषय. माझं म्हणणं एवढंच की अक्षर त्या शीर्षकासाठी, त्या जागेसाठी घडवलेलं हवं. मग ते ब्रशने करा, नाहीतर फॉन्टची बाह्यरेषा फोडून करा.

गडबडगुंडा
शिरोरेषेवरचा बर्फ वितळून उकार झाला असेल तर मी ते पुस्तक घेईन.

अर्धविराम
हसू आलं, पण कल्पना वाईट नाही हं.

रक्त गळणाऱ्या अक्षरांवरून आठवलं. साचे! स्त्रीकेंद्री कादंबरी म्हणजे पाठमोरी बाई. आफ्रिकेतली कुठलीही कथा असो, मावळता सूर्य आणि बाभळीसारखं एक झाड. आठवणींचं पुस्तक म्हणजे रिकामी खुर्ची किंवा उघडी खिडकी. एकच विकतचं छायाचित्र दोन वेगळ्या पुस्तकांवर पाहिलंय मी, फक्त आरसा धरल्यासारखं उलटं केलेलं. प्रकाशकाला भीती असते की वाचकाला प्रकार ओळखता आला नाही तर तो हात लावणार नाही. पण सगळ्याच बायका पाठमोऱ्या असतील तर मी हात नेमका कुठल्या पुस्तकाला लावू?

मशीनवाला
@अर्धविराम, प्रकार ओळखता यावा ही अपेक्षा चुकीची नाही. तिच्यावर उत्तर मात्र आळशी दिलं जातं. पेंग्विन प्रकाशनाने १९३५मध्ये नुसत्या रंगावर काम भागवलं. कथा-कादंबरी नारिंगी, गुन्हेकथा हिरवी, चरित्र गडद निळं. वर-खाली रंगीत पट्टा, मधे पांढरा, त्यावर शीर्षक. चित्र नाही, बाई नाही, झाड नाही. एडवर्ड यंग नावाच्या विशीतल्या पोराने लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन पेंग्विन रेखाटून आणला आणि मुखपृष्ठाची मांडणीही केली.

निळीशाई
पेंग्विनचं नाव निघालंच आहे तर यान त्शिकोल्ड या अक्षरमांडणीकाराबद्दल लिहू द्या. १९४७ ते १९४९, एवढाच काळ तो तिथे होता. पहिल्या नजरेत त्याने काही केलंच नाही असं वाटेल. तेच तीन पट्टे, तेच रंग. पण आधीचं आणि नंतरचं शेजारी ठेवून बघा. कॅपिटल अक्षरांमधलं अंतर डोळ्यांनी जोखून सारखं केलंय. पट्ट्यांची प्रमाणं सुधारली. पेंग्विन स्वतः पुन्हा रेखाटला. आणि जुळाऱ्यांसाठी अवघ्या चार पानांचे नियम लिहिले: परिच्छेद कसा सुरू करायचा, विरामचिन्हाआधी किती जागा सोडायची, असं सगळं. शेकडो पुस्तकं वेगवेगळ्या छापखान्यांत छापली जात असताना सगळी एकाच घरची दिसायला हवीत, ही अडचण होती. एकेक सुंदर मुखपृष्ठ काढून ती सुटत नाही. पुढे १९६१मध्ये रोमेक मार्बरने गुन्हेकथांसाठी जी चौकट बसवली तीही अशीच: वरचा एक तृतीयांश अक्षरांना, खालचे दोन तृतीयांश चित्राला, हिरवा रंग कायम. चित्र रोज नवं, घर जुनंच.

मला दृश्य ओळख आवडते ती या अर्थाने. एका चिन्हापेक्षा तिच्यामागचे नियम.

चौकट
@निळीशाई, जर्मनीतल्या झूरकाम्प प्रकाशनाची इंद्रधनुष्य मालिका पण! विली फ्लेकहाउस, १९६३. ४८ पुस्तकं, ४८ छटा. चित्र एकही नाही, नुसता रंग आणि अक्षरं. पुस्तकं कपाटात ओळीने लावली की त्यांचा वर्णपट होतो. खरं डिझाइन कण्यावर आहे. आपण पुस्तक घेईपर्यंत मुखपृष्ठ बघतो, पण पुढे आयुष्यभर दिसतो तो कणाच. आपल्याकडे कण्यावर नाव आडवं, उभं, वरून खाली, खालून वर, जसं सुचेल तसं छापतात. कपाटासमोर मान दोन्ही बाजूंना मोडावी लागते.

ऋतुगंध
कण्याच्या मुद्द्यावर सही. मानेचा व्यायाम होतो म्हणणाऱ्यांनी पुढे यावं.

मशीनवाला
कण्याची एक व्यावहारिक अडचण आहे. जाडी शेवटच्या क्षणी ठरते. कागद बदलला, पानं वाढली की कणा सरकतो आणि मधे बसवलेलं नाव मुखपृष्ठाच्या कडेवर येतं. जाणता डिझाइनर पुढच्या बाजूचा रंग थोडा कण्यावर वाहू देतो किंवा सगळीकडे एकच रंग घेतो, म्हणजे दोन मिलिमीटरची चूक दिसत नाही. काटेकोर रंगबदल बरोब्बर घडीवर ठेवणाऱ्याने छापखाना पाहिलेला नसतो.

सरळरेघ
नियमांबद्दल बोलताय तर नासाशिवाय ही चर्चा अपुरी आहे. १९७५मध्ये रिचर्ड डॅन आणि ब्रूस ब्लॅकबर्न यांनी ती लाल, वळणदार अक्षरं दिली, ज्यांना सगळे 'वर्म' (इंग्रजीतला किडा) म्हणतात. ए या अक्षराची आडवी दांडीच काढून टाकली. दोन ए, दोन्ही बिनदांडीचे, रॉकेटच्या नाकासारखे वर झेपावणारे. सोबत नियमांची पुस्तिका: पत्रापासून वाहनांपर्यंत आणि यानापर्यंत ही अक्षरं कुठे, केवढी यावीत, सगळं. १९९२मध्ये ते काढून जुना गोल, तारे-ग्रह-लाल पात्याचा 'मीटबॉल' परत आणला. केवढा अन्याय! २०१५मध्ये लोकांनी वर्गणी काढून ती नियमपुस्तिका पुन्हा छापून घेतली आणि २०२०मध्ये वर्म रॉकेटवर परतला.

अनवट
@सरळरेघ, अन्याय वगैरे काही नाही. मीटबॉलमध्ये आकाश आहे, कक्षा आहे, तारे आहेत. लहान मुलाला दाखवा, त्याला लगेच कळतं की हे अंतराळाचं आहे. वर्म एखाद्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचं नाव वाटतं.

सरळरेघ
मीटबॉल नखाएवढा करा आणि मग सांगा तारे किती दिसतात. मशीनवाला काकांची दुसरी परीक्षा.

मशीनवाला
मला भांडणात ओढू नका. नखाएवढ्या आकारात वर्म जिंकतो. पण अंतराळवीराच्या छातीवर मला मीटबॉलच बघायला आवडतो.

अर्धविराम
अनवट आणि सरळरेघ यांच्या वादात खरा प्रश्न दडलाय. लोगोतून अर्थ कळायलाच हवा का?

माझं उत्तर: ठाम 'नाही'. १९७१चं शेखर कामतांनी केलेलं स्टेट बँकेचं चिन्ह घ्या. निळं वर्तुळ, मधे छोटं पांढरं वर्तुळ, तिथून खाली गेलेली एक पांढरी रेघ. कुणाला कुलपाचं भोक दिसतं, कुणाला मधोमध उभा माणूस, कुणाला आणखी काही. आपापला अर्थ लावा, चिन्हाला फरक पडत नाही. एका शाईत छापता येतं, दुरून दिसतं आणि लहान मूल ते काढू शकतं. अमेरिकी डिझाइनर पॉल रँडचं म्हणणं साधारण असं होतं की लोगोला अर्थ मिळतो तो ज्याच्यावर तो लागतो त्या गोष्टीतून. नाइकीची ती खूण कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने १९७१ साली ३५ डॉलरमध्ये करून दिली, आणि कंपनीच्या मालकाला ती सुरुवातीला विशेष भावलीही नव्हती. वेग, जिद्द वगैरे आज आपल्याला तिच्यात दिसतं ते धावणाऱ्यांनी नंतर भरलं.

आणि गोष्टी तर नंतर वाटेल तेवढ्या चिकटतात. ॲपलच्या सफरचंदाला घास का? कुणी म्हणतं अर्धवट खाल्लेल्या सफरचंदाजवळ मृत सापडलेल्या संगणकशास्त्रज्ञ ट्युरिंगची आठवण, कुणी म्हणतं संगणकातल्या 'बाइट'वरची कोटी. ज्याने १९७७मध्ये ते काढलं त्या रॉब जॅनॉफने स्वतः सांगितलंय की लहान आकारात ते चेरी वाटू नये म्हणून घास घेतला. प्रमाण कळावं म्हणून! मला हे साधं कारण सगळ्या दंतकथांपेक्षा जास्त आवडतं.

टंकसाळ
@अर्धविराम, 'ठाम नाही'शी असहमत. बँक किंवा बुटांच्या कंपनीला चालतं, कारण लाखो वेळा ते चिन्ह नावासोबत नजरेसमोर येतं. पण जिथे वाचता न येणाऱ्या माणसालाही त्या चिन्हावरूनच वाट शोधायची आहे, तिथे चिन्ह बोललंच पाहिजे. मेक्सिको सिटीची मेट्रो १९६९ला सुरू झाली, तेव्हा लान्स वायमनच्या चमूने प्रत्येक स्थानकाला स्वतंत्र चित्रचिन्ह दिलं. चापुल्टेपेकला नाकतोडा. पिनो सुआरेझ स्थानक खोदताना अझ्टेकांचं छोटं गोल देऊळ सापडलं, ते आजही तिथे आहे आणि स्थानकाचं चिन्हही तेच देऊळ. अक्षरओळख नसली तरी 'देवळापाशी उतर' म्हणता येतं. आपल्या निवडणूक चिन्हांमागेही हाच विचार. ती चिन्हं काढणारे एम. एस. सेठी १९९२मध्ये निवृत्त झाले, पण त्यांच्या पेन्सिलीतली कितीतरी चिन्हं अजून वापरात आहेत. छत्री, शिवणयंत्र, झाडू. आपण त्यांना कधी डिझाइन म्हणून बघतच नाही.

अर्धविराम
हे मात्र मान्य. 'ठाम' शब्द मागे घेते, 'नाही' ठेवते.

निळीशाई
टंकसाळ काकांनी शहरी वाहतुकीचा विषय काढलाच आहे म्हणून: लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी एडवर्ड जॉन्स्टनने केलेला टाइप, १९१६चा. जॉन्स्टन मुळात सुलेखनकार. सगळी अक्षरं साधी, सरळ, अलंकार शून्य, आणि छोट्या आय-चा टिंब मात्र चौकोन तिरका ठेवावा तसा. रुंद टोकाचं पेन कागदावर टेकवलं की उमटतो तोच ठसा. सगळ्या यांत्रिक अक्षरांत ती एक हाताची खूण. शंभर वर्षांनी टाइप सुधारला, तिरका टिंब तसाच राहिला.

ऋतुगंध
मग 'चांगलं' डिझाइन बदलतात कशाला? ट्रॉपिकाना या संत्र्याच्या रसाच्या खोक्याचं ऐकलंय तेवढं खरं का?

सरळरेघ
@ऋतुगंध, खरं आहे. २००९च्या सुरुवातीला त्यांनी खोक्यावरचं संत्र्यात खुपसलेल्या नळीचं चित्र काढून रसाचा पेला टाकला, नावाची अक्षरंही बदलली. विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि दोन महिन्यांत जुनं खोकं परत आलं. नवं खोकं कुरूप होतं म्हणून हे झालं असं मला वाटत नाही. माणूस फळीसमोर उभा राहून वाचत नाही, हात सवयीने जातो. ती खूणच काढून घेतल्यावर हात जाणार कुठे? गॅप कंपनीने २०१०मध्ये नवा लोगो आणला तो जेमतेम आठवडा टिकला, पण तिथे आरडाओरडा इंटरनेटवर होता. दोन्ही प्रकार वेगळे आहेत. पहिल्या दिवसाच्या शिव्या हा पुरावा नव्हे. सापडेनासं होणं हा पुरावा.

चौकट
अवांतर: ३५ डॉलरचा उल्लेख आला म्हणून लिहिते. तो किस्सा ऐकून गिऱ्हाईक म्हणतात, बघा, नाइकीचा लोगो एवढ्यात झाला. पुढे कंपनीने तिला शेअर दिले हे कुणी सांगत नाही. आणि पॉल रँडने १९८६मध्ये स्टीव्ह जॉब्सच्या नेक्स्ट कंपनीकडून लोगोचे एक लाख डॉलर घेतले, पर्याय एकच दिला, सोबत त्यामागचा विचार उलगडणारी पुस्तिका, हेही सांगत नाही. मिल्टन ग्लेझरने न्यूयॉर्कवरच्या प्रेमाचं ते लाल हृदयाचं चिन्ह फुकट करून दिलं, तेही स्वतःच्या मर्जीने. मर्जी कुणाची, हा मुद्दा आहे. 'माझा भाचा संगणकावर करून देईल' म्हणणाऱ्यांनी भाच्यालाही पैसे द्यावेत.

गडबडगुंडा
भाचा म्हणून सांगतो, चौकटताईंना जोरदार अनुमोदन.

नवाभिडू
इतके दिवस नुसता वाचत होतो, आज पहिला प्रतिसाद. मूळ प्रश्नाचं माझं उत्तर: रुपयाचं चिन्ह. २०१०, डी. उदय कुमार. देवनागरी र आणि रोमन आर एकाच आकारात, वरच्या दोन समांतर रेघा. मला त्यातली शिरोरेषा आवडते. बाकीच्या बहुतेक चलनचिन्हांत मधून आडवी रेघ मारतात, इथे ती डोक्यावर गेली आणि आपल्या लिपीची झाली. कळफलकावर, हाताने, खडूने, कसंही काढता येतं.

एक विचारायचं होतं. मी मित्राच्या कवितासंग्रहाचं मुखपृष्ठ करतोय. पडद्यावर चांगलं दिसतंय, पण विक्रीच्या संकेतस्थळावर ते अंगठ्याएवढं दिसणार. चित्र बारीक रेषांचं आहे. काय करू?

टंकसाळ
@नवाभिडू, स्वागत. शिरोरेषेचं निरीक्षण नेमकं आहे. मुखपृष्ठासाठी: चित्र जाड करायला जाऊ नका, बारीक रेषा कवितेला शोभतात. शीर्षक मोठं करा आणि चित्राचा एकच भाग निवडून पानाबाहेर जाईल इतका वाढवा. अंगठ्याएवढ्या आकारात दोनच गोष्टी कळल्या पाहिजेत: एक आकार आणि एक शब्द. बाकीच्या रेषा पुस्तक हातात घेणाऱ्यासाठी राहू द्या. शीर्षकात उकार किंवा वेलांटी आहे का?

नवाभिडू
दोन्ही आहेत. आणि दोन ओळींत.

टंकसाळ
मग ओळी जवळ आणा आणि मसुदा इथेच टाका. बघू कोण कुणाच्या पोटात बसतंय.

मशीनवाला
आणि त्याआधी एकदा काळ्या-पांढऱ्यात छापून बघा. कवितासंग्रहावर चित्रकाराचं नाव आत श्रेयात नाही, मलपृष्ठावर घ्या. मित्राला सांगा मी सांगितलंय म्हणून.

पानोपानी
@नवाभिडू, मसुदा टाकाल तेव्हा कण्याचाही टाका, चौकटताई वाट बघतायत. आणि नाक कुठे गाळलंय ते मी शोधीन.